शहापूरच्या गल्लीचा झोन बदलणार असेल तर काय पाहावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या शहापूर भागातील एका गल्लीत प्रश्नकर्त्याचे वडिलार्जित घर आहे. खाली कापडाचे दुकान, वर कुटुंब, परसात दोन यंत्रमाग; शेजारी सराफी पेढी, समोर पिठाची गिरणी. शहराच्या मास्टर प्लॅनची, म्हणजे कोणत्या भागातली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या आराखड्याची, पुढची फेरी होईल तेव्हा हा सगळा पट्टा व्यापारी झोनमध्ये घालावा, अशी मागणी गल्लीतले काही मालक करत आहेत आणि सह्या गोळा करत आहेत. सही करावी की विरोध नोंदवावा, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की त्या अर्जावर आहे तशी सही करू नये, आणि नुसता विरोधही नोंदवू नये. सरसकट व्यापारी झोन झाला तर तुमच्यासारख्या अरुंद जागेच्या मालकाच्या पदरात फारसे काही पडत नाही. उलट ‘आहे तसे राहू द्या’ म्हणून हा भाग निवासी म्हणूनच नोंदला गेला, तर आज चालू असलेली निम्मी दुकाने आणि बहुतेक माग कागदावर अडचणीत राहतात. मागणी मिश्र वापराच्या झोनची करावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या झोनमागचे नियम कसे असावेत हे लेखी मांडावे. नगररचनेच्या कामात बरीच वर्षे घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की नकाशावरचा झोनचा रंग लोकांना दिसतो आणि त्यावर भांडणे होतात, पण जुन्या पेठेचे बरेवाईट ठरते ते नियमावलीतल्या पार्किंगच्या, रस्त्याच्या रुंदीच्या आणि सेटबॅकच्या (हद्दीपासून सोडायच्या मोकळ्या जागेच्या) कोष्टकांवर, जी सहसा कोणी उघडून पाहत नाही.

आधी कायद्याची वाट. बेळगावचा मास्टर प्लॅन कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, 1961 याखाली तयार होतो आणि ते काम बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचे, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या बुडाचे आहे. बांधकाम परवाना महानगरपालिका देत असली तरी जमिनीचा वापर ठरवणारा आराखडा तिचा नाही. हा फरक लक्षात न घेतल्याने निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर जातात. झोन दोन प्रकारे बदलू शकतो. एकट्या मालकाने आपल्या जागेपुरता बदल मागायचा असेल तर तो कलम 14-ए खाली मागता येतो. त्यासाठी बदल सार्वजनिक हिताचा आहे हे दाखवावे लागते, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन किमान 15 दिवस हरकतींसाठी ठेवावे लागतात आणि राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते. बदलामुळे जागेचे उत्पन्न वाढणार असेल तर प्राधिकरण त्यावर शुल्कही आकारते. दुसरा मार्ग संपूर्ण आराखड्याच्या फेरतपासणीचा आहे, जी कायद्याप्रमाणे दर दहा वर्षांतून निदान एकदा व्हायला हवी. त्यात सरकारच्या तात्पुरत्या मंजुरीनंतर आराखडा प्रसिद्ध होतो, लोकांच्या हरकती व सूचनांसाठी 60 दिवस मिळतात, आणि त्या विचारात घेऊन तो अंतिम मंजुरीसाठी पुन्हा सरकारकडे जातो. तुमच्या गल्लीतली मागणी या दुसऱ्या प्रकारची आहे. म्हणून 60 दिवसांची ती मुदत हीच तुमची खरी संधी आहे. कोणा पुढाऱ्याने दिलेल्या शब्दाला त्या प्रक्रियेत जागा नाही.

शहापूर मिश्र वस्तीचे झाले ते कोणाच्या आराखड्यामुळे नव्हे. ते पूर्वी सांगली संस्थानाच्या ताब्यातले, व्यापाराचे आणि विणकामाचे स्वतंत्र गाव होते. पलीकडे इंग्रजांचा कॅम्प आणि बेळगावची पेठ वाढत गेली आणि पुढे सगळे एक शहर झाले. दुकान, घर आणि माग एकाच छपराखाली असणे हीच तिथली अर्थव्यवस्था होती आणि वडगाव-खासबागेपर्यंत आजही बऱ्याच अंशी आहे. आता अशा वस्तीवर एकच वापर सांगणारा झोन टाकला की जे त्या वापरात बसत नाही ते आपोआप अपवाद ठरते, आणि अपवादाला दर वेळी परवानगी मागत फिरावे लागते.

कर्नाटकातल्या झोनिंग नियमावलीत प्रत्येक झोनपुढे साधारणपणे दोन याद्या असतात: थेट परवानगी असलेले वापर, आणि विशेष परिस्थितीत प्राधिकरणाने परवानगी द्यायचे वापर. तुमचे काम पहिल्या यादीत आहे की दुसऱ्या, यावर तुमचे पुढचे आयुष्य किती कटकटीचे होणार हे ठरते. पिठाची गिरणी, शिवणकाम, सोन्याची कारागिरी, ठरावीक अश्वशक्तीपर्यंतचे माग हे सारे पहिल्या यादीत, आकाराची मर्यादा घालून, नाव घेऊन लिहिले जावे असा आग्रह धरा. ‘सेवा उद्योग’ असा मोघम शब्द घातला की त्याचा अर्थ दर अधिकाऱ्यागणिक बदलतो.

आता पार्किंगकडे येऊ, कारण सगळा प्रश्न इथे येऊन अडतो. जुन्या गल्लीतली जागा समोरून अरुंद आणि मागे लांब असते. उदाहरणादाखल 15 फूट बाय 80 फूट, म्हणजे सुमारे 111 चौरस मीटरची जागा धरू. व्यापारी झोनमध्ये 1.75 एफएआर, म्हणजे जागेच्या क्षेत्रफळाच्या 1.75 पट बांधकाम, मिळाला असे मानले तर साधारण 195 चौरस मीटर बांधता येते, आणि हे ऐकून मालक खूश होतात. पण नियमाने दर 50 चौरस मीटर बांधकामामागे एक चारचाकी मागितली, तर चार गाड्यांची जागा दाखवावी लागते. एका गाडीला अडीच मीटर रुंदी आणि साडेपाच मीटर लांबी लागते. जागेची रुंदी 4.57 मीटर असल्यामुळे दोन गाड्या शेजारी शेजारी मावतच नाहीत. एकामागे एक लावायच्या म्हटल्या तर 22 मीटर लांबी जाते आणि 24.4 मीटरच्या जागेत जिन्यापुरती जेमतेम जागा उरते. म्हणजे संपूर्ण तळमजला गाड्यांना द्यावा लागतो, आणि मागची गाडी काढायला पुढच्या तिन्ही गाड्या गल्लीत काढाव्या लागतात. पुढे-मागे सेटबॅक सोडायचा असेल तर तेवढेही जमत नाही. ज्या दुकानासाठी व्यापारी झोन मागितला त्या दुकानाला तळमजल्यावर जागा राहत नाही, आणि शहापूरच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर जिना चढून कापड घ्यायला येणारे गिऱ्हाईक अजून मी पाहिलेले नाही.

हे गणित मोठ्या जागेत सहज सुटते. तीन-चार जागा एकत्र करून 60 फूट रुंदीचा तुकडा केला की गाड्या ओळीने लागतात, रॅम्प बसतो, लिफ्ट परवडते. म्हणूनच सरसकट व्यापारी झोनचा लाभ जागा एकत्र करू शकणाऱ्या बिल्डरला मिळतो आणि एकेकट्या मालकापुढे त्याला विकण्याखेरीज पर्याय उरत नाही. विकणे वाईट असे माझे म्हणणे नाही. ज्यांची मुले पुण्या-बंगळुरूला स्थायिक झाली आणि ज्यांना कौलारू घराची डागडुजी झेपत नाही, त्यांना चांगला भाव मिळत असेल तर त्यांनी तो घ्यावा. मात्र गल्लीतल्या सर्वांच्या नावाने अर्ज करताना तो काहींच्याच सोयीचा आहे हे उघड सांगितले गेले पाहिजे.

इथे आणखी एक अडसर आहे आणि तो झोनहून मोठा आहे. बेळगावच्या जुन्या भागातले अनेक सीटीएस उतारे (सिटी सर्व्हेतील जागेच्या मालकीची नोंद) आजही आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावावर आहेत; वारस नोंद झालेली नाही, वाटणी तोंडी झालेली आहे, आणि हिस्सेदारांपैकी दोघे मुंबईत तर एक कोठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. अशा उताऱ्यावर कोणत्याही झोनमध्ये बांधकाम परवाना मिळणे कठीण आणि बँकेचे कर्ज त्याहून कठीण. झोनबदलासाठी जितका वेळ सह्या गोळा करण्यात जातो त्याच्या निम्मा वेळ वारस नोंदीला दिला तर घराचा जास्त फायदा होईल, असे मी भेटीला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेकांना ते आवडत नाही.

रस्त्याची रुंदी हा दुसरा कळीचा मुद्दा. बेळगावकरांना मास्टर प्लॅन म्हटले की भिंतीवर रंगाने ओढलेली खूण आणि कापलेले ओटे आठवतात, ते उगीच नाही. प्रसिद्ध झालेल्या आराखड्यात तुमच्या गल्लीचा रंग पाहण्याआधी तिची प्रस्तावित रुंदी पाहा. आज नऊ मीटरची गल्ली आराखड्यात 12 मीटर दाखवली असेल, तर दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जाते. वरच्या उदाहरणातल्या जागेतून हे जवळजवळ सात चौरस मीटर, म्हणजे सुमारे 74 चौरस फूट होतात, आणि ते नेमके दुकानाच्या तोंडाचे असतात. रुंदीकरण प्रत्यक्षात वीस वर्षे झाले नाही तरी नवा परवाना मागताना ती रेषा सोडूनच बांधावे लागते, त्यामुळे नुकसान आराखडा मंजूर झाल्या दिवसापासून सुरू होते. जास्त रुंदीच्या रस्त्याला जास्त एफएआर मिळतो म्हणून काही मालक रुंदीकरणाचे स्वागत करतात. पण पार्किंगमुळे तो एफएआर वापरताच येत नसेल तर ते स्वागत फुकटचे ठरते. जागा घेतलीच तर भरपाई 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मागता येते, किंवा नियोजन कायद्याच्या कलम 14-बी खाली हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर घेता येतो. टीडीआरचा कागद घेण्याआधी तो बेळगावात विकत घेणारा कोण आहे हे शोधा. बंगळुरूसारख्या महागड्या बाजारातही अनेक मालकांनी रोख भरपाईच पसंत केली आहे.

कराबाबत गल्लीत दोन समज आहेत. घरपट्टी झोनप्रमाणे लागते हा पहिला. ती प्रत्यक्ष वापराप्रमाणे लागते, घराला घराचा दर आणि दुकानाला दुकानाचा. झोन बदलल्याने राहत्या घराच्या पट्टीवर काहीच परिणाम होत नाही हा दुसरा, आणि तोही पुरता खरा नाही. 2021-22 पासून कर्नाटकातल्या शहरांची मालमत्ता कराची आकारणी उपनिबंधक कार्यालयाच्या मार्गदर्शक मूल्याशी, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जागेच्या दराशी, जोडली आहे. पट्टा व्यापारी झाला आणि त्यामुळे गल्लीचे मार्गदर्शक मूल्य वाढवले गेले, तर ज्या म्हातारा-म्हातारीने घराचा एक चौरस फूटही दुकानाला दिलेला नाही त्यांचीही पट्टी वाढते. हेस्कॉमचा वीजदर मात्र वापरावर ठरतो. मागाच्या मीटरवर झोनच्या रंगाचा परिणाम होत नाही.

यंत्रमागांचा प्रश्न नाजूक आहे. व्यापारी झोनच्या यादीत माग नसेल तर चालू माग सहसा लगेच बंद होत नाहीत, पण वाढ, पुनर्बांधणी, परवान्याचे नूतनीकरण, नवे कर्ज अशा प्रत्येक वेळी ‘झोनबाह्य वापर’ हा शेरा आडवा येतो. दुसरीकडे आवाजाची तक्रारही खोटी नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात दिवसा 65 आणि रात्री 55 डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि मिश्र भागाला सक्षम अधिकाऱ्याने चारपैकी एका वर्गात घालावे असे तेच नियम सांगतात. म्हणजे सरसकट व्यापारी झोन झाल्यावर गल्लीत कायद्याने चालणारा आवाज दिवसा आणि रात्री दहा-दहा डेसिबलने वाढू शकतो, आणि डेसिबलच्या मोजपट्टीवर दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. वर राहणाऱ्या कुटुंबांनी याचा विचार सहीआधी करावा. मिश्र झोन मागताना ध्वनिमर्यादेसाठी हा भाग निवासी वर्गातच राहील, मागाच्या शेडला आवाज अडवणारी भिंत आणि रात्रीची वेळमर्यादा असेल, असे लिहून मागता येते. रंगणीचे पाणी गटारात सोडणाऱ्या कामांचा मुद्दा वेगळा आहे. ती कामे वस्तीत नकोतच, आणि त्यांच्या बाजूने मी बोलणार नाही.

भाडेकरूंना अशा चर्चेत कोणी विचारत नाही. कर्नाटक भाडे कायदा, 1999 याचे संरक्षण व्यापारी गाळ्यांपैकी फक्त 14 चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण 150 चौरस फुटांच्या गाळ्यांना आहे. त्याहून मोठ्या दुकानाचा भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या तिथे असला तरी त्याची भाडेदारी संपवायला मालकाची नोटीस पुरते. जागेचा भाव वाढण्याच्या नुसत्या आशेनेही अशा नोटिसा निघू लागतात. आराखड्यावर हरकत नोंदवण्यासाठी मालक असणे आवश्यक नाही. भाडेकरू, कारागीर, रस्त्यावर बसणारे विक्रेते या सर्वांना तो हक्क आहे. विक्रेत्यांनी 2014 च्या पथविक्रेता कायद्याखालील नगर विक्री समितीमार्फतही आपले म्हणणे मांडावे, कारण त्या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावे लागतात.

गटारे आणि अग्निशमन यांबद्दल थोडक्यात. झोन बदलल्याने गटाराचा व्यास वाढत नाही. ऑगस्ट 2019 च्या पावसात बळ्ळारी नाल्याने काय केले ते शहापूर-वडगावच्या लोकांना सांगायला नको, आणि परसातली माती काँक्रीटने झाकली गेली की त्या नाल्याकडे पाणी आणखी वेगाने येते. वरच्या मजल्यावरचे घर हलून तिथे कापडाचे गोदाम झाले, तर आग लागल्यास बंब आत येण्याएवढी गल्ली आहे का, हा प्रश्न कोणत्याही हरकतीत जरूर लिहावा.

कोल्हापूरचे पाहुणे सांगतात की त्यांच्याकडे दाट वस्तीसाठी सेटबॅकची सवलत आहे. ते खरे आहे. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत दाट वस्तीच्या भागाला वेगळे नियम आहेत, पण सीमेच्या अलीकडे ते लागू होत नाहीत आणि त्यांचा दाखला बुडाच्या फायलीत चालणार नाही. चालेल असा दाखला कर्नाटकातलाच द्यावा: बंगळुरूच्या पूर्वीच्या आराखड्यात जुन्या पेठांचा अतिदाट भाग वेगळा काढून त्याला स्वतंत्र नियम लावले होते. त्या धर्तीवर शहापूर, खडेबाजार आणि आसपासच्या गल्ल्यांसाठी वेगळा उपविभाग मागणे हे माझ्या मते सर्वांत हिताचे आहे. त्यात सामाईक भिंतीच्या जागांना बाजूचा सेटबॅक माफ असावा. ठरावीक रुंदीपेक्षा अरुंद जागांना पार्किंग माफ असावे किंवा त्याबदली शुल्क घेऊन त्या पैशातून गल्लीबाहेर सामाईक पार्किंग उभारावे. मुख्य रस्त्यावर व्यापाराला जास्त मुभा आणि आतल्या बोळात फक्त तळमजल्यापुरती, तीही आकार बांधून द्यावी. आणि वरच्या मजल्यांवर निवास ठेवणाऱ्या मालकाला थोडा जादा एफएआर मिळावा. शेवटच्या मुद्द्याचा आग्रह मी विशेष धरतो. रात्री नऊनंतर दुकाने बंद झाल्यावर गल्लीत दिवा कोण लावतो, गणपतीची वर्गणी कोण देतो, चोर आला तर आरडाओरड कोण करतो, याचे उत्तर वर राहणारी माणसे हेच आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या गल्ल्यांमधूनही असेच प्रश्न येतात, आणि तिथल्या लोकांनाही हीच मांडणी उपयोगी पडेल, फक्त अर्ज तिथल्या प्राधिकरणाकडे करावा लागेल. कॅम्प भागाला यातले काही लागू नाही, कारण तिथे कॅन्टोन्मेंटचा स्वतंत्र कायदा आहे.

हरकत लिहिताना पुरावे जोडा: सीटीएस उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, व्यापार परवाना, मागाच्या मीटरची जुनी बिले. चालू वापर किती जुना आहे हे सिद्ध करणारा प्रत्येक कागद पुढे कामाला येतो. पन्नास जणांच्या सह्यांचा एकच छापील अर्ज देण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या जागेच्या मापांसह स्वतंत्र अर्ज दिला तर प्रत्येकावर स्वतंत्र निर्णय नोंदवण्याची मागणी करता येते. अर्ज मराठीत देता येईल का, असेही प्रश्नकर्त्याने विचारले आहे. राज्यघटनेच्या कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क आहे, तेव्हा मराठी अर्ज नाकारता येत नाही. तरीही माझा व्यवहारी सल्ला असा की मराठी अर्जाला कन्नड प्रत जोडावी. फाईल कन्नडमधून पुढे सरकते, टिप्पणी कन्नडमध्ये लिहिली जाते, आणि तुमच्या मुद्द्याचा सारांश दुसऱ्या कोणी घाईने करण्यापेक्षा तो तुमच्याच शब्दांत तयार असलेला बरा. अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, सुनावणीची तारीख लेखी मागा, आणि आराखडा अंतिम मंजुरीसाठी सरकारकडे जाण्याआधी आपल्या हरकतीवर काय शेरा पडला याची प्रत माहिती अधिकाराखाली मागून ठेवा.